खेचराच्या गाण्यातली दीड मात्रा

रॉयस हॅग्वूड माझ्या स्टुडिओत आला तेव्हा गिटारची पेटी त्याच्या उजव्या हातात होती आणि डावा हात कोटाच्या खिशात. दार त्यानं खांद्यानं ढकललं. "थंडी फार आहे तुमच्या ग्रीनवूडला," म्हणाला. फेब्रुवारी होता, थंडी होती हे खरं; पण हात खिशात होता तो थंडीमुळे नव्हे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसापासून हात लपवता येत नाही. तार अर्धवट दाबली गेली की डोळ्याआधी ते आमच्या कानाला कळतं.

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा पार झिजला होता. पुढच्या गुरुवारी मेम्फिसला ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, की नंतर शर्टाची बटणं लावता येतील, गाडी चालवता येईल, पण गिटारचं विसरा.

"म्हणजे बुधवार संध्याकाळपर्यंत मी गिटारवाला," रॉयस म्हणाला. "त्यानंतर लोर्नाचा नवरा."

लोर्ना म्हणजे त्याची बायको. शाळेची बस चालवायची. घर तिच्यावरच चाललं, हे तोच सांगायचा आणि सांगताना लाजायचा नाही.

खरं बोलायचं तर सुरुवातीला मला त्याचा कंटाळाच आला होता. असे रॉकवाले आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन येतात. तरुणपणी आवाज वाढवून वाजवलेलं असतं, थोडंफार नाव झालेलं असतं, आणि साठी आली की त्यांना काळ्या कष्टकऱ्यांचा ब्लूज आठवतो. मग मिसिसिपीत येतात, गाण्यांतल्या त्या प्रसिद्ध चौकात उभं राहून फोटो काढून घेतात, तिखट तमाले खाऊन तोंड पोळून घेतात, जुन्या माणसांची दहा-बारा गाणी वाजवतात आणि नदीत बुडी मारून पवित्र झाल्यासारखा चेहरा करून परत जातात. एक तर थेट नॉर्वेहून आला होता. माझं पोट त्यांच्यावरच चालतं, म्हणून मी तोंड उघडत नाही. हा स्टुडिओ म्हणजे पूर्वीची माझ्या वडिलांची लाँड्री. भिंतींना अजून स्टार्चचा वास येतो, आणि त्या लोकांना तोसुद्धा फार अस्सल वाटतो.

रॉयसला वासाचं काही नव्हतं. त्यानं आल्या आल्या खुर्ची कुठं आहे ते विचारलं.

तो वेस्ट मेम्फिसचा, ट्रक चालवणाऱ्याचा मुलगा. १९७३ साली त्यांच्या 'मड टर्नपाइक' नावाच्या बँडचं एक गाणं रेडिओवर चढलं आणि पाच-सहा वर्षं त्यांनी देश पालथा घातला. मग एकाला देव भेटला, एकानं घरं विकायचा धंदा काढला, बँड मोडला. पुढची तीस वर्षं रॉयसनं नदीकाठच्या कॅसिनोंत वाजवलं, लग्नांत वाजवलं, वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिकवण्या घेतल्या. असे गिटारवाले आमच्याकडे पैशाला पासरी. फरक इतकाच, की रॉयसचं ते एक गाणं अजून लोकांच्या कानात होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

ते एलझी टकेटचं. 'बस खाली, खेचरा.' एलझी आमच्याच नदीपलीकडचा; आठवडाभर जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ओढायचा आणि शनिवारी गिटार घेऊन बसायचा. गाण्यात काही मोठं नाही. शेतात दमलेल्या खेचराला माणूस म्हणतो, तू बस, मीही बसतो, मालक बघतोय तर बघू दे. अठ्ठावन्न साली कुठल्याशा लहानशा कंपनीनं ते तबकडीवर घेतलं, दोन वर्षांत कंपनी बुडाली, तबकडी पुन्हा निघाली नाही. एलझी १९८१ मध्ये गेला.

"हा आल्बम मी विकण्यासाठी करत नाहीय," रॉयसनं दुसऱ्या दिवशीच मला सांगितलं होतं. "चाळीस वर्षं या लोकांच्या गाण्यांवर जेवलो. हात आहे तोवर एकदा त्यांची गाणी त्यांच्यासारखी वाजवून ठेवायची. दहा बिघडली तरी चालतील. एलझीचं बिघडता कामा नये."

अकरा गाणी ठरली होती. सोमवारपर्यंत दहा झाली. प्रत्येक गाण्यानंतर तो बर्फाच्या बादलीत मनगटापर्यंत हात घालून बसायचा आणि डोळे मिटायचा. वाजवणं चांगलं होतं. फार चांगलं होतं असं नाही, पण त्यात कुठं मिरवणं नव्हतं, आणि रॉकवाल्याच्या हाताला एवढं जमलं तरी पुष्कळ. खेचराचं गाणं त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मंगळवारी दिवसभर हाताला आराम दिला आणि बुधवारी सकाळी नऊच्या ठोक्याला हजर झाला.

त्या दिवसासाठी मी मिस व्हर्डेल पिटमनना बोलावलं होतं. त्या म्हणजे एलझीच्या बायकोची धाकटी बहीण. वय एक्याऐंशी. रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवायच्या आणि पंचवीस वर्षं शनिवारी दारूच्या गुत्त्यात एलझीच्या साथीला पियानो वाजवला. देवाला त्याची अडचण नव्हती, पाद्र्याला होती, असं त्या म्हणत. त्यांना गाडीतून घेऊन आला तो त्यांचा शेजारी थर्मन, टपालखात्यातून निवृत्त झालेला. ड्रम उत्तम वाजवायचा. जिभेला हाड नव्हतं.

"हा का तो रेडिओवाला?" मिस व्हर्डेलनी टोपी काढता काढता विचारलं.

"हो, मॅडम." रॉयस उठून उभा राहिला.

"बस, बाळा, बस. गाण्यातलं खेचर तुझ्यापेक्षा बरं दिसत असेल. घरी कुणी जेवायला घालतं की नाही?"

रॉयस हसला. सहा दिवसांत तो पहिल्यांदाच हसताना मी पाहिला.

पहिलं कडवं सुरेख गेलं. दुसरंही. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ संपते आणि तिथून गिटार एकटी निघते. ती जागा आली आणि सगळं कोसळलं. रॉयस आधी शिरला, ते दोघं मागून आले. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला थर्मननं काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या.

"अहो रेडिओस्टार, तुम्हाला बस पकडायचीय का कुठली?"

"मी बरोबर येतोय. तुम्ही उशिरा येताय."

"चाळीस वर्षं मी पत्रं वाटली. तेव्हा अख्खं ग्रीनवूड म्हणायचं, थर्मन उशिरा येतो. ड्रमवर मात्र आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती."

"थर्मन, गप रहा," मिस व्हर्डेल म्हणाल्या. मग रॉयसकडे वळल्या. "बाळा, ओळ संपल्यावर तू थांबत का नाहीस? तिथं जागा आहे."

"तिथं जागा नाही, मिस व्हर्डेल."

"आहे. दीड मात्रेची. पंचवीस वर्षं मी त्या जागेत बसलेय."

आता ती जागा म्हणजेच तर रॉयस हॅग्वूड. रेडिओवर तेच गाजलं होतं. ओळ संपते न संपते तोच गिटार अंगावर येते. अंधारात एक पायरी चुकावी तसं होतं. पोरांनी त्याच्या नकला केल्या, मासिकांनी त्यावर पानं भरली. मी स्वतः त्या वयात ते ऐकून वेडा झालो होतो. आणि रॉयसचं मोठेपण असं, की तो प्रत्येकाला सांगायचा, हे माझं नाही, एलझी टकेटचं आहे.

तेच त्यानं आताही सांगितलं, पण आवाज चढला होता. "मी हे एलझीच्या रेकॉर्डवरून घेतलंय. चौदा वर्षांचा होतो, सुई उचलून उचलून शंभर वेळा ऐकलंय. बरं, रेकॉर्ड राहू द्या. पंचाहत्तर साली जॅक्सनच्या महोत्सवात मी त्यांच्यापासून दहा फुटांवर उभा होतो. त्यांनी स्वतः असंच वाजवलं. अस्संच. या कानांनी ऐकलंय मी."

मिस व्हर्डेलनी पियानोचं झाकण लावलं आणि टोपी घातली.

"थर्मन, मला घरी सोड. तासाभरात येते."

मला वाटलं, बाईंना राग आला. रॉयसलाही तसंच वाटलं असावं. तो बादलीत हात घालून बसला. "म्हातारपणी विसरायला होतं," असं काहीसं पुटपुटला, पण जिंकल्याचा आनंद काही त्याच्या तोंडावर नव्हता. मी मक्याचा ब्रेड आणि राजमा आणून ठेवला. त्यानं चमचा उजव्या हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

मिस व्हर्डेल आल्या त्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आत तबकडी होती. काळी, चकचकीत, जशी कारखान्यातून निघाली तशी.

"बहिणीच्या पेटीतली. एकदाही लावलेली नाही. घरात माणूस गात असताना तबकडी कशाला लावायची? लाव रे," मला म्हणाल्या.

मी लावली. एलझीचा आवाज आला. आपल्या अंगणात बसून आपल्याशीच बोलणाऱ्या माणसाचा आवाज. पहिलं कडवं, दुसरं कडवं, शेवटची ओळ. आणि मग काही नाही. गिटार थांबली. एलझीनं श्वास घेतला. छातीतून घरघर करत आत गेलेला तो श्वास तबकडीवर स्वच्छ ऐकू येत होता. मग गिटार निघाली, सावकाश.

मी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा तीच जागा, पुन्हा तोच श्वास. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिसऱ्यांदा लावली.

"रॉयस," मी विचारलं, "तुझी रेकॉर्ड कुठून घेतली होतीस?"

"किराणा दुकानातून. ज्यूकबॉक्समधून काढून टाकलेल्या असायच्या ना, टोपलीत. आम्ही सगळी पोरं त्याच घ्यायचो."

मग माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. नाणं टाकून वाजवायच्या त्या ज्यूकबॉक्सची सुई जड. त्या तबकड्या टोपलीत पडायच्या तेव्हा त्यांची चाळण झालेली असायची. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणाऱ्या तबकडीचा एक वेढा म्हणजे सव्वा सेकंदाहून जरासा जास्त, आणि या गाण्याच्या चालीत त्याची होते बरोबर दीड मात्रा. चरा पडलेल्या जागी सुई एक वेढा ओलांडून पुढे पडत होती. चौदा वर्षांच्या पोराला तबकडी हाच गुरू. गुरू उडी मारतो, तर पोरानंही मारली. मी हे सगळं त्याला समजावून सांगितलं. न सांगता भागलं नसतं.

थर्मन मोठ्यानं हसला. "म्हणजे अख्खा देश एका चऱ्यावर नाचला म्हणा की!" कुणीच साथ दिली नाही, तेव्हा त्यानं उगाच ड्रमचा स्क्रू पिळला.

रॉयस हलला नव्हता. "पण जॅक्सनला?" तो म्हणाला. "जॅक्सनला मी ऐकलं. ते माझ्यासारखंच वाजवत होते. तिथं कसला चरा?"

"तू बरोबर ऐकलंस," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "मी त्या दिवशी पियानोवर होते. तू माझ्याकडे कशाला बघशील म्हणा." त्या रॉयसच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. "आमच्या भावजींना तोवर काउंटीबाहेर कोण ओळखत होतं? तुझं गाणं गाजलं, कुणीतरी त्याखाली त्यांचं नाव वाचलं आणि बोलावणी यायला लागली. खूश होते. नवा सूट शिवला. पहिल्याच ठिकाणी त्यांनी आपलं गाणं आपल्यासारखं वाजवलं. ती जागा आली, ते थांबले, तर समोरची गोरी पोरं हसायला लागली. त्यांना वाटलं, म्हातारा चुकला. एक जण ओरडला, 'आजोबा, आधी रेकॉर्ड ऐकून या!'"

रॉयसनं बादलीतून हात काढला. पाणी फरशीवर गळत होतं.

"घरी आल्यावर त्यांनी तुझी रेकॉर्ड विकत आणली. स्वयंपाकघरात बसून शिकले. सुई उचलून उचलून. स्वतःचंच गाणं, बाळा. बहीण दारात उभी राहून बघायची आणि आत निघून जायची. रुई छातीत गेलेली होती त्यांच्या. ती जागा त्यांनी दम खायला ठेवलेली, दुसरं काही नव्हतं त्यात. ती गेली तशी गाणं संपेपर्यंत ओठ निळे पडायचे. आम्ही म्हणायचो, सोडा हे गाणं. तर म्हणायचे, लोक त्याच्यासाठीच येतात."

"माझ्यावर रागावले होते?"

"छे. म्हणायचे, पोराचा हात चलाख आहे. फक्त त्याला घाई कसली आहे ते कळत नाही."

मला रॉयसची कीव आली. रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना; टोपलीतल्या तबकडीवर काढणार का? त्यानं त्या माणसाचं काही चोरलं नव्हतं. जिथं तिथं त्याचं नाव घेतलं होतं. आणि तरी त्याचा श्वास काढून घेतला होता.

"वाजवू या," रॉयस म्हणाला. "आता बरोबर वाजवू."

दुपारचा दीड वाजला होता. मी यंत्र सुरू केलं.

हात थांबला नाही. रॉयसला सगळं कळत होतं. तो तोंडानं मोजत होता, पायानं मोजत होता. ओळ संपायची, थर्मन काठी उंच धरून इशारा करायचा, एकदा तर मिस व्हर्डेल मोठ्यानं "थांब!" म्हणाल्या, आणि तरी तो डावा हात दीड मात्रा आधी तारांवर जाऊन पडलेला असायचा. चाळीस वर्षांची सवय. पाच वेळा झालं, आठ वेळा झालं. मध्येच बर्फ, मध्येच कॉफी. थर्मनची चेष्टा केव्हाच आटली होती. अकराव्या खेपेनंतर अंगठ्याचं मूळ लाल होऊन सुजून आलं आणि रॉयसनं तो हात आमच्यासमोर धरला.

"हा माझं ऐकत नाही," म्हणाला. आवाजात चीड नव्हती. नुसता थकवा होता.

मी म्हणालो, "जाऊ दे ना. तुला हवं तसं वाजव. मी यंत्रावर तिथं दीड मात्रेची जागा घालून देतो. दोन मिनिटांचं काम आहे, कुणाच्या बापाला कळणार नाही."

त्यानं विचार केला. खोटं सांगत नाही, चांगला विचार केला. मला वाटलं, हो म्हणेल.

"एकदा चऱ्यानं काढली, आता यंत्रानं घालायची," तो शेवटी म्हणाला. "यात माणसाचा काही संबंध असायला नको का?"

मग त्यानं गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला. गिटार पेटीत ठेवली आणि उजव्या हातानं एकेक करत दोन्ही खटके लावले. तीन वाजून गेले होते. मेम्फिस इथून सव्वादोन तासांवर, आणि सकाळी सहाला त्याला इस्पितळात हजर व्हायचं होतं.

"निघालास?" मिस व्हर्डेलनी विचारलं.

"नाही. तुम्ही वाजवा. गा पण."

"मी? अरे, आल्बम तुझा. त्यावर तुझं नाव. तुझ्या गाण्यात गिटार नको?"

"मी हे गाणं कधी पुरतं ऐकलेलंच नाही, मिस व्हर्डेल."

त्यांनी पियानोवर हात ठेवले. मी माइक त्यांच्या तोंडाशी आणला, थोडा खाली केला. थर्मननं काठ्या ठेवून ड्रमचे मऊ ब्रश घेतले. रॉयस भिंतीशी खुर्ची नेऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी काचेमागे जाऊन बसलो.

एक्याऐंशी वर्षांचा आवाज होता तो, खाली भरलेला आणि वर फाटलेला. खेचराला त्या अशा समजावत होत्या, की जणू ते खरंच दारात उभं आहे आणि त्याला कुणी कधी बस म्हटलेलं नाही. रॉयसनं मान खाली घातली होती. त्याच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरताना मला काचेतून दिसत होता. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं. शेवटची ओळ त्यांनी संपवली आणि पियानोवरून दोन्ही हात उचलले.

रॉयसच्या डाव्या हाताची सुजलेली बोटं गुडघ्यावर घट्ट रुतली. आधीच.

त्यानं बोटांकडे पाहिलं आणि उजव्या हातानं ती दाबून धरली. तोवर मिस व्हर्डेलचा श्वास घेऊन झाला होता आणि पियानो पुढे निघाला होता.